पलीकडचे हात

नदीच्या अलीकडे पिवळी पोकलेन आणि पलीकडे निळी. असं का, हे कुणी विचारत नसे, आणि कुणी विचारलंच तर दोन्ही काठांवरची माणसं त्याच्याकडे अशी बघत की जणू त्याने आई मोठी की बाप मोठा असंच विचारलंय. खरं कारण अगदी साधं होतं. पिवळ्या कंपनीचा डीलर अलीकडे होता, त्याचं वर्कशॉप अलीकडे होतं, सकाळी होज पाइप फुटला तर दुपारपर्यंत नवा हातात पडायचा. निळीचं सगळं तसंच पलीकडे. मध्ये पूल, पुलावर गर्दी, कशाला कोण जातंय? पण एवढ्या साध्या कारणावर माणसांचं समाधान होत नाही. अलीकडचे म्हणायचे, निळी नुसती डिझेल ढोसते. पलीकडचे म्हणायचे, पिवळी म्हणजे रंगवलेला पत्रा. सोयरीक जुळवतानासुद्धा मुलगा कुठल्या मशीनवर आहे, हे कुणीतरी हळूच काढून घ्यायचं.

अलीकडच्या एका साइटवरच्या मुकादमाची ताई पलीकडे दिली होती. लग्नात अलीकडच्यांनी नवऱ्या मुलाला ‘निळे जावई’ म्हणून चिडवून हैराण केलं, आणि त्याने ते हसत हसत ऐकून घेतलं. तेव्हापासून मुकादमाचे ते दाजी. माणूस शांत, बोलणं कमी, पण निळ्या मशीनवर बसले की बघत राहावं. बकेटने अंडं उचलून दाखवायचे असले खेळ त्यांना कधी आवडले नाहीत. चराची भिंत मात्र अशी सरळ सोडायचे की ओळंबा लावणाऱ्याला आपण उगीच आलो असं वाटावं.

मग पलीकडच्या डीलरने शटर खाली ओढलं आणि तो निघून गेला. सुटे भाग मिळेनात. एकेक निळी मशीन कुठेतरी कडेला जाऊन उभी राहिली ती कायमची, आणि मालकांनी नाक मुठीत धरून पूल ओलांडला आणि पिवळ्या घेतल्या. पिवळ्यांबरोबर अलीकडचे ऑपरेटरही आले. दाजी घरी बसले. ताईने भावाला फोन केला तेव्हा ती रडली नाही, कुरकुरलीही नाही. नुसती म्हणाली, हा माणूस दिवसभर दारात उभा राहतो, रस्त्याकडे बघतो आणि मला विचारतो, काही उचलून ठेवायचंय का. मुकादमाला ते फार लागलं.

त्या वेळी मुकादमाच्या साइटवर सांडपाण्याची मोठी लाइन टाकायचं काम चाललं होतं. दोन्ही बाजूंना जुन्या इमारती, मधल्या अरुंद रस्त्यात दोन पुरुष खोल चर, आणि त्यात काँक्रीटचे हे एवढाले पाइप एकाला एक जोडत न्यायचे. मशीन एक आणि ऑपरेटर दोन, सकाळी एक, दुपारनंतर एक. त्यातला एक सोडून गेला होता. मुकादमाने मालकासमोर दाजींचं नाव काढलं. मालकाने पहिलाच प्रश्न केला, कुठल्या मशीनवर? मुकादम बेधडक म्हणाला, “आयुष्य पिवळीवरच गेलंय त्यांचं. पलीकडे राहतात एवढंच.”

हे खोटं साधंसुधं नव्हतं, आणि मुकादमाला ते माहीत होतं. दोन मशिनींमधला खरा फरक रंगाचा नव्हताच. ऑपरेटरच्या दोन हातांशी दोन लिव्हर असतात. पिवळीत उजवा मागे ओढला की मोठा दांडा, म्हणजे बूम, वर जातो, आणि डावा ओढला की पुढचा हात मशीनकडे आत येतो. निळीत नेमकं उलटं. तिथे डाव्याने वर आणि उजव्याने आत. ज्या काठावर माणूस शिकला, त्या काठाचे त्याचे हात. डोकं समजून घेतं, हातांना समजावता येत नाही.

त्यावरही तोड असते. सीटच्या मागे एक झाकण असतं, त्यात एक छोटा दांडा. तो एका बाजूला असला की लिव्हर पिवळ्या पद्धतीचे, दुसऱ्या बाजूला फिरवला की निळ्या. पण मालकाने तो दांडा तारेने करकचून बांधून टाकला होता. एका मशीनवर दोन माणसं बसतात, एकाने फिरवला आणि दुसऱ्याला सांगायचं राहिलं तर काय होईल, असं तो म्हणायचा, आणि त्यात चूक काहीच नव्हती. वर हेही म्हणायचा, की ज्याचे हात पिवळे नाहीत त्याने माझ्या मशीनला शिवायचं नाही. दुसरा ऑपरेटर तात्या म्हणून होता, मिशाळ आणि संशयी, आणि निळ्या पद्धतीने मशीन चालवणं त्याला डाव्या पायात उजवा बूट घालण्यासारखं वाटायचं.

दाजी पहिल्या दिवशी आले, केबिनमध्ये चढले, इंजिन चालू केलं, आणि काम सुरू करण्याआधी रिकामी बकेट सावकाश आकाशाकडे उचलून परत खाली आणली. पलीकडे सगळे असंच करतात. सलामी म्हणतात त्याला. कुणाला सलामी ते कुणालाच ठाऊक नाही, पण तेवढ्यात कुठला लिव्हर काय करतोय ते हातांना कळून जातं. नवा माणूस बघायला सकाळीच येऊन चराच्या कडेला उभ्या राहिलेल्या तात्याने डोळे बारीक केले. हे तिकडचं आहे, असं तो म्हणाला, आणि दोघातिघांनी हसून घेतलं. दुपारी मुकादमाने दाजींना बाजूला घेतलं आणि सलामी बंद करा म्हणून सांगितलं. उगाच कुणाच्या डोळ्यावर येऊ नका, मालकाच्या कानावर गेलं तर तुमचंही जाईल आणि माझंही. दाजींनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ते थेट कामाला हात घालू लागले.

काम ते उत्तम करत होते, थोडं हळू एवढंच. मुकादमाने साइटवर त्यांना दाजी म्हटलं म्हणून सगळेच दाजी म्हणायला लागले. पाइप बसवणारे दोघे, सिमेंटवाला, माती वाहून नेणारे टिपरवाले, असे सगळ्या रस्त्याचे ते दाजी झाले. एक टिपरवाला तर वयाने त्यांच्या बापाएवढा होता, तोही म्हणायचा. दाजींना ते आवडायचं. पण मुकादम केबिनच्या काचेतून त्यांचा चेहरा बघायचा. दाजी प्रत्येक हालचालीआधी ओठ हलवत होते. उजवा वर. डावा आत. शाळेतल्या मुलासारखे स्वतःशीच पुटपुटत होते. आणि खाली चरात, त्या बकेटच्या आणि त्या पाइपच्या खाली, माणसं होती.

सुट्टीच्या दिवशी तो ताईकडे गेला. दाजी शेजारी कुणाचं तरी कपाट सरकवायला गेले होते. ताईने चहा टाकला आणि पाठमोरीच बोलली.

“टीव्ही बघताना यांचे हात चालू असतात. मांडीवर. एक पुढे जातो, एक मागे येतो. मी हात धरला की थांबतात, सोडला की परत सुरू. तू त्यांना तिथं बसवलंयस. तूच बघ काय ते.”

मुकादम म्हणाला, होईल सवय. म्हणाला खरा, पण चहा अर्धाच टाकून उठला.

मग एका सकाळी कोपऱ्यावर उभ्या टिपरचा टायर फुटला. आवाज असा झाला की आसपासच्या खिडक्यांमधून माणसं डोकावली. दाजी तेव्हा भरलेली बकेट चरातून काढत होते. ते दचकले, आणि बकेट वर जायची ती सुसाट आत आली. दोन्ही भिंतींना रेटून धरणारा एक लाकडी टेकू तिने काडीसारखा मोडला, आणि भिंतीच्या मातीचा मोठा ढलपा खाली कोसळला. पाइपवाले दोघे पाणी प्यायला वर आले होते म्हणून वाचले. सगळे टिपरकडे बघत होते. दाजींचा डावा हात लिव्हर छातीशी घट्ट ओढून बसलेला होता, तो फक्त मुकादमाने पाहिला. वर घ्यायला त्यांनी डावा ओढला होता. भीती वाटली तशी हातांनी नदी ओलांडली आणि ते आपल्या घरी गेले.

दाजी खाली उतरले. “चुकलं,” एवढंच म्हणाले. मुकादमाने टेकू जुनाच होता असं सगळ्यांना सांगून टाकलं आणि नवा लावून घेतला.

पण त्या दिवसापासून त्याचं काळीज ठिकाणावर नव्हतं. पाइपवाले चरात उतरले की तो कडेला उभा राहून कुत्री हाकलायचा, हॉर्न वाजवणाऱ्यांना शिव्या घालायचा, कुणी हातोडा टाकला तरी अंगावर धावून जायचा. मुकादमाचं डोकं फिरलंय, असं लोक आपसात बोलू लागले. त्याने सगळा रस्ता गप्प केला होता, तोही एका माणसाचे हात जागे होऊ नयेत म्हणून. स्वतः त्याला चरात उतरायची वेळ आली की शिडी उतरताना तो केबिनकडेच बघत राहायचा. मालकाला खरं सांगावं तर दाजी परत दारात उभे राहणार. न सांगावं तर एखाद्या दिवशी कुणाच्या तरी घरी निरोप घेऊन जावं लागणार. आणि दाजींशी बोलायची सोयच उरली नव्हती. त्याने एकदा विषय काढला तर ते नुसतं म्हणाले, “जमवतोय मी,” आणि दुसरीकडे बघायला लागले.

मग तात्या रजेवर गेला. घरचं लग्नकार्य होतं, काही दिवस येणार नव्हता, तोवर मशीन एकट्या दाजींची. मुकादमाच्या डोक्यात तो विचार आला आणि इतका सरळ वाटला की आधी का सुचला नाही याचंच त्याला नवल वाटलं. दांडा फिरवायचा. तात्या येईपर्यंत तरी मशीन दाजींच्या हातांची होईल, दचकले तरी हात योग्य तेच करतील. तात्या आला की परत बांधून टाकू. पुढचं पुढे.

त्या दिवशी दुपारी दाजींनी नवा पाइप बकेटला अडकवलेल्या पट्ट्याने उचलून चरात उतरवला, तळावर टेकवला, पट्टा तसाच ठेवून इंजिन बंद केलं आणि डबा खायला गेले. माणसं सावलीला पांगली. मुकादम पक्कड घेऊन केबिनमध्ये चढला. झाकण काढलं. तार गंजली होती, पहिल्याच दाबात तुटली. दांडा फिरवायला ताकद लागेल असं वाटलं होतं, तर तो पाळलेल्या जनावरासारखा निमूट फिरला. मुकादमाने झाकण लावलं, तार खिशात टाकली आणि खाली उतरला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याच्या जिवात जीव आला. आता दाजी आले की कानात सांगायचं, एवढंच उरलं.

दाजी आले, पण एकटे आले नाहीत. त्यांच्या खांद्यावर हात टाकून मालक आला. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून तो चालतच आला होता आणि वाटेत त्याला दाजी भेटले होते. मालक खुशीत होता. तपासणीसाठी साहेब येणार होते आणि मागची सगळी लाइन सुतासारखी सरळ होती. तो दाजींची पाठ थोपटत मुकादमाला म्हणाला, की असा पिवळा माणूस पलीकडे इतकी वर्षं वाया का घालवत होतास तू. दाजी खाली बघत हसले.

मालकासमोर मुकादम काय सांगणार? तो दाजींच्या डोळ्यांत डोळे घालून बघत राहिला, पण दाजी आपल्याच आनंदात होते, ते केबिनकडे चालायला लागले. आणि मुकादमाने स्वतःची समजूत घातली, की सांगायची गरजच काय? हातांना आपलं घर ओळखू येईल. पहिल्या हालचालीतच त्यांना कळेल, आणि हसतील मनात.

मालकाने त्याला खाली उतरून पाइपचा ढाळ बघायला सांगितलं. साहेबांच्या आधी आपण बघितलेलं बरं. मुकादम शिडीने उतरला. शिडी मागच्या बाजूला होती, जिथे लाइन टाकून झाली होती. पाइपमधून आरपार बघायचं तर त्याच्या पुढच्या तोंडाशी जावं लागायचं, म्हणून तो पाइपवरून पलीकडे गेला. तिथे जागा जेमतेम एका माणसाची. समोर पाइपचं तोंड, पाठीमागे न खणलेली माती, आणि त्या मातीच्या वर, रस्त्यावर, मशीनच्या चाकांच्या साखळ्या. केबिनमधून तिथला माणूस दिसत नाही. ऑपरेटर कडेवरच्या माणसाच्या खुणेवर चालतो. मुकादमाला आज त्याचं काही वाटलं नाही. तो उकिडवा बसला आणि पाइपमधून पार टोकाला ठेवलेल्या दिव्याकडे बघू लागला. उजेडाचा गोल खालून किंचित कापलेला दिसत होता.

“हे तोंड जरा बसलंय,” तो वर बघून सवयीने म्हणाला. “उचलून खाली खडी घालावी लागेल.”

वर इंजिन सुरू झालं. चराच्या कडेला उभ्या मालकाने दाजींना थोडं वर अशी खूण केली. पण दाजी लगेच बसले नाहीत. ते दारातून बाहेर येऊन मशीनच्या साखळीवर उभे राहिले आणि वाकून खाली बघू लागले. मुकादमाला आकाशाच्या पट्टीत त्यांचा चेहरा दिसला. असा मोकळा चेहरा त्याने लग्नानंतर पाहिला नव्हता.

“मेहुणे,” ते इंजिनवरून ओरडून म्हणाले, “एक सांगायचं राहिलं. सुटलो मी. सकाळपासून एकदाही पुटपुटावं लागलं नाही. हात आपोआप चालतायत. झाले आता तुमच्यासारखे.”

आणि ते आत गेले.

मुकादमाला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग एकदम सगळं कळलं. खिशातली तार मांडीला टोचत होती. दाजी आता उजवा ओढणार, अगदी शांतपणे, पाइप वर घ्यायला. आणि आता उजव्याने वर काहीच जाणार नव्हतं. पुढचा हात आत येणार होता, पट्टा ताणला जाणार होता, आणि पाइप तळावरून घसटत त्याच्या अंगावर येणार होता. मागे माती होती.

“मालक, थांबवा” असं त्याच्या ओठांवर आलं, आणि त्याच्यापुढे थांबवायचं कारण उभं राहिलं. तुटलेली तार, खोटं बोललेलं तोंड, दारात उभे दाजी. एका श्वासाची ती लाज. तेवढ्यात वर इंजिनाचा आवाज चढला, आणि आता शब्द वर पोचणार नाहीत हे त्याला समजलं. वर पोचेल ती नुसती किंकाळी. किंकाळीने दाजी दचकतील.

दचकले तर. टायर फुटला तेव्हा ते दचकले होते आणि डाव्या हाताने घर गाठलं होतं. गेले कित्येक दिवस ज्या डाव्या हाताला तो जिवाच्या आकांताने भीत आला, तोच एक हात आता हा पाइप वर नेऊ शकत होता. दाजी घाबरायला हवे होते. दाजी पलीकडचे असायला हवे होते, तात्याला संशय होता तसे, हाडामांसाने पलीकडचे. मुकादमाने पाइपच्या काठावर तळवे टेकले, छातीत मावेल तेवढा वारा भरला आणि जन्मात ओरडला नव्हता तसा ओरडला.

दाजी दचकले. कडेवर मालकाने घाबरून दोन्ही हात उंच केले, वर, वर घे म्हणून. पाइप मेहुण्याच्या अंगावर गेलाय, तो उचलायला हवा, एवढंच दाजींना कळलं, आणि विचार करायला वेळ नव्हता.

त्यांचा उजवा हात मागे आला.

पट्टा ताठ झाला. पाइप तळावर करकरला आणि पुढे सरकला. तो वर का येत नाही हे दाजींना समजेना, म्हणून मेहुण्याला वाचवायला त्यांनी तोच हात आणखी जोरात ओढला.